रक्त आपलं, भाव नळीचा

रत्नागिरीच्या माणसाकडून फुकट काही काढून घेणं किती कठीण, हे इथे वर्गणी मागायला येणाऱ्यांना विचारावं. पावतीपुस्तक दिसलं की ओटीवरचा माणूस माजघरात जातो आणि माजघरातला परसात. अशा या गावात हल्ली तरणीताठी माणसं आपण होऊन बाही वर सारतात, रक्त काढून देतात, वर त्याचे पैसे मोजतात आणि तेच रक्त तासाभरात डोक्यात टोचून घेऊन, टोपी घालून, ओळखीचं कोणी भेटणार नाही अशा रस्त्याने घरी जातात. रत्नागिरीत असा रस्ता नाही, हा भाग वेगळा.

संध्याकाळी मारुती मंदिरच्या नाक्यावर चहाला उभं राहिलं की हा विषय कानावर पडतोच.

"पीआरपी जुनं झालं रे. जीएफसी कर."

"जीएफसी कशाला? पीआरएफ घे. त्यात केमिकल नसतं."

बोलणाऱ्यांतला एक बँकेत, दुसऱ्याचं फॅब्रिकेशनचं दुकान. दोघांचीही कपाळं मागे सरकत सरकत टाळूला पोचलेली. पण बोलण्यातला अधिकार असा, की सेंट्रिफ्यूज यंत्र यांच्याच माळ्यावर ठेवलेलं असावं.

ज्यांच्यावर अजून ही वेळ आलेली नाही त्यांच्यासाठी हे तिन्ही प्रकार थोडक्यात सांगतो. दवाखान्याच्या पत्रकावर ते कधीच थोडक्यात नसतात. पीआरपीत दंडातून दहा-वीस मिली रक्त घेतात. ते साकळू नये म्हणून नळीत सायट्रेटसारखं काहीतरी आधीच घातलेलं असतं. नळी यंत्रात गरगर फिरवली की तांबड्या पेशी तळाला जातात आणि पिवळसर प्लाझ्मा वर राहतो. त्यातला प्लेटलेटनी दाट झालेला भाग सुईने डोक्यात, साधारण सेंटिमीटरभराच्या अंतराने टोचत जातात. महिन्या-महिन्याने तीन-चार बैठका, मग दर सहा महिन्यांनी 'मेंटेनन्स'. ही कल्पना केसांसाठी निघालेलीच नव्हती. 1998 मध्ये अमेरिकेतल्या रॉबर्ट मार्क्स यांनी ती जबड्याच्या हाडाचं रोपण नीट धरावं म्हणून वापरून दाखवली. पुढे ती जबड्यावरून खेळाडूंच्या गुडघ्यावर उतरली आणि गुडघ्यावरून थेट लोकांच्या डोक्यावर चढली.

पीआरएफ फ्रान्सच्या जोसेफ शुकरून यांचं, 2001 चं. यात रक्त गोठू न देणारं द्रव्यच घालत नाहीत. टोचायच्या प्रकारात नळी मिनिटाला सातशे फेऱ्यांनी, म्हणजे अगदी सावकाश, जेमतेम तीन मिनिटं फिरवतात आणि रक्त गोठायच्या आत टोचून मोकळं व्हायचं. मधेच डॉक्टरांना फोन आला आणि पलीकडे सासुरवाडी असली, तर तुमचं केशवैभव नळीतच गोठणार.

जीएफसी सगळ्यांत नवं, म्हणून सगळ्यांत महाग. यात प्लेटलेट टोचतच नाहीत. कंपनीच्या सीलबंद नळीत त्यांना चेतवून त्यांच्या पोटातले वाढीचे घटक बाहेर काढतात आणि पेशी मागे ठेवून नुसता तो द्राव टोचतात. व्हीईजीएफ, पीडीजीएफ, आयजीएफ अशी त्या घटकांची नावं पत्रकावर राजकीय पक्षांसारखी ओळीने छापलेली असतात. त्यांतलं कोण कोणाबरोबर आहे, हे गिऱ्हाइकाला कळत नाही, पण सगळे मिळून आपल्या भल्यासाठी झटताहेत अशी त्याची समजूत होते.

आता यांतलं चांगलं कुठलं? पीआरपीवर छोटेमोठे बरेच अभ्यास झाले आहेत आणि त्यांतल्या पुष्कळांत केसांची दाटी वाढल्याचं दिसलं आहे. जीएफसीवरचे अभ्यास त्या मानाने मोजकेच. पण खरी गंमत पुढे आहे. निरोगी माणसाच्या रक्तात मायक्रोलिटरमागे दीड ते साडेचार लाख प्लेटलेट असतात आणि टोचायच्या द्रावात त्या दहा लाखांच्या आसपास असाव्यात असं जाणकार सांगतात. दीड लाखवाल्याला तिथवर न्यायचं म्हणजे जवळजवळ सातपट दाट करायला हवं, चार लाखवाल्याला अडीचपट पुरे. मात्र किती रक्त घ्यायचं, किती वेगाने फिरवायचं, एकदा की दोनदा, याचा सगळ्यांनी मानलेला एक नियम नाही. त्यामुळे बँकवाल्याने घेतलेलं पीआरपी आणि फॅब्रिकेशनवाल्याच्या मेव्हण्याने घेतलेलं पीआरपी हे एकाच नावाचे दोन वेगवेगळे पदार्थ असू शकतात. टोचलेल्या द्रावात प्लेटलेट किती होत्या, हे सहसा कोणी मोजत नाही. बिलावरचा आकडा मात्र पैशापर्यंत मोजलेला असतो.

काही पत्रकांवर 'एफडीए मान्य' असं सोनेरी अक्षरांत असतं. अमेरिकेच्या एफडीएने हिरवा कंदील दाखवला आहे तो रक्तातून पीआरपी बनवण्याच्या काही यंत्रांना, आणि तोही हाडाच्या रोपणात मिसळण्यापुरता. डोक्यासाठी ते वापरायचं की नाही, हा डॉक्टरांच्या मर्जीचा मामला आहे. पण हाड आणि केस यांत फरक करत बसायला पत्रकावर जागा कुठे असते?

या सगळ्यांत यशाची हमखास गोष्ट कोणती, तर डेंगूवाल्याची. पावसाळ्यात गावात डेंगू फिरतो. घरोघरी प्लेटलेटचा आकडा सकाळ-संध्याकाळ क्रिकेटच्या धावांसारखा सांगितला जातो, पपईच्या झाडांना पान उरत नाही. माणूस ऑगस्टमध्ये बरा होतो. नोव्हेंबरात त्याच्या उशीवर, साबणावर, आमटीत, सगळीकडे केस. मोठ्या तापानंतर, बाळंतपणानंतर, मोठ्या शस्त्रक्रियेनंतर दोन-तीन महिन्यांनी असे केस गळतात आणि पुढच्या काही महिन्यांत बहुतेकांचे आपोआप परत येतात. केसांच्या आयुष्यक्रमाचाच तो भाग आहे. पण आमचा माणूस डिसेंबरात जीएफसीची पहिली बैठक घेतो, जानेवारीत दुसरी, फेब्रुवारीत तिसरी, आणि एप्रिलमध्ये नाक्यावर डोकं पुढे करून म्हणतो, "हात लाव, हात लाव!" त्याच्या एका डोक्यावर पुढची वीस डोकी दवाखान्यात जातात. ऑगस्टमध्ये रक्तपेढीवाले प्लेटलेटसाठी दाते शोधत होते तेव्हा यांतला एकही फिरकला नव्हता, कारण सुईची भीती वाटते.

आमच्या शेजारचे एक आंबा बागायतदार मात्र या वादात एकाच वाक्यानं निकाल देऊन बसले. तीनशे कलमं, मुलगा एकोणतीसचा, एकुलता. मुली आधीच रत्नागिरीत राहायला तयार नसतात, त्यात फोटोत कपाळ जरा जास्त दिसतं. म्हणून मातोश्रींनी सहा बैठकांचं पॅकेज ठरवलं.

"अहो, पैसे द्या तुम्ही. मोहोर आल्याशिवाय कळतं का झाड कसं आहे ते?"

"मोहोर यायला झाड जितं लागतं," बागायतदार म्हणाले. "मोहोरासाठी कलटार मी दर पावसाळ्यात बुंध्याभोवती घालतो. दापोली विद्यापीठाने सांगितलंय तसं, घेर मोजून. वठलेल्या कलमाला कोणी कलटार घालतं का? अरे, खाली वाक. आधी बघूया, मेल्या, किती वठलंय."

त्वचारोगतज्ज्ञही वेगळं काही सांगत नाहीत. मुळं बारीक होत चालली असतील, केस पिंजल्यासारखे विरळ झाले असतील, तर त्या मुळांना या टोचण्यांनी थोडी उभारी येऊ शकते. ज्या भागात मुळंच उरलेली नाहीत, टाळू भाट्याच्या किनाऱ्यावरच्या ओल्या वाळूसारखी तुळतुळीत झाली आहे, तिथे रक्त तीनदा फिरवा की तेरा वेळा, काही उगवत नाही. पॅकेज मात्र दोघांनाही तेच लागू होतं.

पुरुषी टक्कल मुळात कशाने पडतं, याचा उलगडा जेम्स हॅमिल्टन या अमेरिकन संशोधकाने 1942 मध्ये केला. वयात यायच्या आधीच ज्यांचं खच्चीकरण झालं होतं, त्यांना टक्कल पडत नाही, असं त्याला आढळलं. पुरुषी हार्मोन टोचल्यावर, घराण्यात टक्कल होतं अशांना ते पडू लागलं. म्हणजे टकलाला पक्का आळा घालणारा एक उपाय ऐंशी वर्षांपूर्वीच ठाऊक झाला आहे. त्याचं पॅकेज अजून कोणी काढलेलं नाही, हे नशीब. त्याच हार्मोनच्या वाटेत अडथळा घालणारी फिनास्टेराइडची गोळी 1997 पासून आणि डोक्याला लावायचं मिनॉक्सिडिल 1988 पासून केसांसाठी मान्य आहे. या दोहोंवर जितकं संशोधन झालं तितकं कुठल्याच नळीवर झालेलं नाही. त्यांचा दोष इतकाच की ती रोज घ्यावी लागतात, गोळीच्या बऱ्या-वाईट परिणामांबद्दल डॉक्टरांशी तोंड उघडून बोलावं लागतं आणि नाक्यावर सांगण्यासारखं त्यात काही नसतं. "मी बाटलीतलं पाणी लावतो" म्हटल्याने कोणाची छाती फुगत नाही.

केस गळाले की आधी कारण शोधावं, हे आपल्या राज्याने अलीकडेच फार मोठ्या प्रमाणावर पाहिलं. 2024 च्या अखेरीस आणि 2025 च्या जानेवारीत बुलढाण्याच्या शेगाव तालुक्यात बायका, पोरं, म्हातारे अशा शेकडो लोकांचे केस तीन-चार दिवसांत मुठीत येऊ लागले. ठरलेली लग्नं अडल्याच्या बातम्या आल्या. पाण्यावर संशय, शाम्पूवर संशय, बुरशीवर संशय. दिल्ली-चेन्नईहून तज्ज्ञांची पथकं आली. आणि आमच्या शेजारच्या महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी बोट ठेवलं ते रेशनच्या गव्हातल्या सेलेनियमवर. (विंचूदंशावर त्यांनी वापरलेलं प्राझोसिन हे मूळचं रक्तदाबाचं औषध. मिनॉक्सिडिलही तसंच. रक्तदाबाच्या गोळ्यांनी माणसाचं आणखी काय काय भलं केलं, यावर कधीतरी वेगळं लिहायला हवं.) त्या गावांत कोणी जीएफसीचं शिबिर लावलं असतं तर पिठाच्या डब्याकडे कोणाचं लक्ष गेलं असतं का? आणि गळती थांबल्यावर यशोगाथांचं केवढं पुस्तक निघालं असतं!

रक्त स्वतःचंच, मग धोका कसला, असं म्हणणाऱ्यांनी अमेरिकेच्या न्यू मेक्सिकोतली गोष्ट ऐकावी. तिथल्या एका बिनपरवाना स्पामध्ये चेहऱ्यावर असंच रक्त टोचून घेतलेल्या महिलांना एचआयव्हीची लागण झाली. तपासणीत स्वयंपाकघराच्या ओट्यावर नाव नसलेल्या रक्ताच्या नळ्या सापडल्या, आणि फ्रिजमध्ये खाण्याच्या पदार्थांशेजारीही. या प्रकरणावरचा सरकारी अहवाल 2024 मध्ये आला. म्हणजे रक्त स्वतःचंच होतं याची खात्रीही नळीवरच्या चिठ्ठीवर अवलंबून.

आपल्याकडे 1945 च्या औषध नियमांना 'जे' नावाचं एक परिशिष्ट आहे. जे आजार बरे करण्याचा दावा कुठल्या औषधाने करू नये, त्यांची ती यादी. तीत टक्कल आहे आणि नवे केस उगवणंही आहे. आता स्वतःचं रक्त फिरवून परत टोचलं तर ते औषध झालं का, यावर वकील मंडळी आरामात दहा वर्षं काढतील. तोवर त्यांचेही केस गेलेले असतील.

तेव्हा ज्याला जायचंच आहे, त्याने आधी सरकारी रुग्णालयात केसपेपर काढून हिमोग्लोबिन, फेरिटिन आणि थायरॉइड तपासून घ्यावं. गेल्या सहा महिन्यांत मोठा ताप येऊन गेला असेल तर तो डॉक्टरांना सांगावा आणि थोडं थांबावं. टोचणारा त्वचारोगतज्ज्ञच आहे ना, हे पाटीवर नव्हे, नोंदणी क्रमांकावर पाहावं. सुईचं पाकीट डोळ्यांसमोर फोडायला लावावं, नळीवर आपलं नाव आपण वाचावं, टाळूचा फोटो पहिल्या दिवशी त्याच उजेडात काढून ठेवावा. आणि पूर्ण पॅकेजचे पैसे एकदम भरू नयेत.