उस्तादांची सेटिंग

कंपनी यंत्र बनवताना त्यातली निम्मी ताकद मुद्दाम दाबून ठेवते, आणि ती मोकळी करण्यासाठीच परमेश्वरानं (आमच्या गावच्याच, दुसऱ्या कुठल्या नव्हे) आपल्याला जन्माला घातलं, अशी ज्याची पक्की खात्री असते त्याला आमच्या हिमायतनगरात उस्ताद म्हणतात. गावाचं मूळ नाव वाढोणा. निजामी अमदानीत त्याचं हिमायतनगर झालं. तेव्हा मूळ वस्तूत फेरफार करण्याची परंपरा इथं जुनीच म्हणायची.

उस्तादांनी उमेदीच्या काळात लुनाला चढ चढायला शिकवलं, राजदूतचा आवाज दोन वाड्यांपलीकडं पोचवला आणि आरएक्स हंड्रेडच्या सायलेन्सरमध्ये हात घातला नाही असा एक दिवस जाऊ दिला नाही. १९९६ साली ती गाडी निघायची बंद झाली. उस्तादांनी सुतक पाळलं नाही एवढंच. पुढं फोर स्ट्रोक गाड्यांचाच जमाना आला, पण त्यांच्याकडं ते आजही तिरक्या नजरेनंच बघतात. "तेल वेगळं, पेट्रोल वेगळं. वेगळ्या राहणाऱ्या भावांच्या घरात कसला आलाय दम?" टू स्ट्रोक म्हणजे त्यांच्या मते एकत्र कुटुंब.

आणि मग झाड कापायची पेट्रोल मशीन आली. रस्त्यावरून गेलेला टू स्ट्रोक बांधावरून परत आला. अठ्ठावन्न सीसी, बावीस इंची पट्टी, नारंगी रंग, आणि सोबत कुणी कधीच न उघडलेलं माहितीपुस्तक. आमच्या भागात हळद भरपूर. ती काढली की शिजवायला जळण लागतं, म्हणून उन्हाळा तोंडावर आला की बांधावरच्या वाळल्या बाभळींचा हिशेब सुरू होतो. मे महिन्यातल्या वादळात आडवी झालेली झाडं ती वेगळीच. सागाला, मोहाला हात लावायचा तर १९६४ चा वृक्षतोडीचा कायदा आडवा येतो, परवानगी काढावी लागते. मशीनवर प्रयोग करायला मात्र कुणाचीच परवानगी लागत नाही.

गिऱ्हाईक मशीन टेबलावर ठेवतं.

"उस्ताद, मशीन ओढंना झालीय बघा."

"आधी कुणाला दाखवलती?"

"भोकरला."

"तरीच."

या 'तरीच'मध्ये निम्मं निदान झालेलं असतं. यंत्रात बिघाड कुठलाही असो, त्याचं मूळ आधीच्या मिस्त्रीत असतं, हा उस्तादांचा पहिला सिद्धांत. दुसरा सिद्धांत इथेनॉलचा. पेट्रोलमध्ये आता वीस टक्के इथेनॉल असतं. ते हवेतलं पाणी ओढून घेतं, आणि मशीन वर्षभर टाकीत पेट्रोल ठेवून कोपऱ्यात पडली की कार्बोरेटरचा रबरी पडदा कडक होतो. "ऊस आपला, कारखाना आपला, अन् मार बी आपल्याच मशीनला," असं म्हणून ते तो पडदा उजेडात धरून गिऱ्हाइकाला दाखवतात. प्रामाणिकपणे सांगायचं तर या बाबतीत त्यांचं शंभर टक्के खरं आहे.

त्यानंतर शस्त्रक्रिया. पहिला बळी सायलेन्सरच्या जाळीचा. "कंपनीनं गळा आवळलाय हिचा," म्हणत उस्ताद जाळी उपसून फेकतात. वास्तविक काजळी धरलेली जाळी जाळून साफ केली तरी मशीन मोकळा श्वास घेते. शिवाय ती ठिणग्या अडवायला असते, आणि एप्रिलमध्ये इस्लापूर-किनवटकडच्या वाळलेल्या पाचोळ्यात एक ठिणगी किती लांब जाते हे वनखात्याला विचारावं. पण साफ केलेली जाळी गिऱ्हाइकाला दिसत नाही आणि काढून टाकलेली ऐकू येते. उस्तादांचा सगळा व्यवसाय या फरकावर चालतो.

दुसरा नंबर सिलिंडरखालच्या पॅकिंगचा. ते काढलं की सिलिंडर कागदभर खाली बसतो, कॉम्प्रेशन वाढतं आणि दोरी ओढणाऱ्याचा खांदा निखळायला येतो. इथं मात्र उस्तादांची कला बघावी. प्लगच्या भोकातून ते रेडिओवाल्याकडची डाखाची तार आत सोडतात, इंजिन हातानं एक फेरा फिरवतात आणि चेपलेलं टोक बाहेर काढून नखावर ठेवतात. पिस्टन आणि सिलिंडरचं डोकं यांत किती फट उरली, ते त्या चपट्या टोकावरून कळतं. अर्ध्या मिलिमीटरपेक्षा कमी भरलं तर पॅकिंग निमूट परत जागेवर. व्हर्नियर नाही, पुस्तक नाही, पण हे गणित चुकलेलं कुणी पाहिलेलं नाही. असल्या वेळी वाटतं, हा माणूस एखाद्या कारखान्यात असता तर! आणि लगेच वाटतं, कारखान्याचं काय झालं असतं!

शेवटी कानाची परीक्षा. कार्बोरेटरला दोन बारके स्क्रू असतात, एक धिम्या चालीचा, एक पूर्ण वेगाचा. उस्ताद रेस देऊन डोळे मिटतात. नीट जुळलेली मशीन मोकळी पळवली की किंचित भरभरते आणि पट्टी लाकडात घुसली की आवाज साफ होतो. त्या भरभरीत जास्तीचं पेट्रोल असतं, आणि टू स्ट्रोकमध्ये पेट्रोलबरोबरच तेल पिस्टनपर्यंत जात असल्यामुळं तीच इंजिनाची ढाल. उस्तादांना हे चांगलं माहीत आहे. पण गिऱ्हाइकाच्या कानाला भरभर म्हणजे खोट वाटते. "अजून थोडी टाईट करा ना." उस्ताद स्क्रू पाव फेरा आवळतात. मशीन किंचाळते, गिऱ्हाइकाचा चेहरा खुलतो. आणखी पाव फेरा. पेट्रोलही कमी लागतं म्हणून गिऱ्हाईक दुप्पट खूश. लिटरला चाळीस मिली तेल सांगितलं असताना याची भिस्त आधीच 'अंदाजे बुच्चीभर'वर. दहा-बारा बाभळींनंतर पिस्टन सिलिंडरला धरतो, त्याच्या अंगावर उभे ओरखडे पडतात आणि मशीन पुन्हा टेबलावर येते. आधी कुणाला दाखवली होती, हे त्या दिवशी विचारलं जात नाही. इथेनॉलवर भागतं.

पण त्यांना नुसतं हसून चालणार नाही. धन्याला रडकुंडीला आणणारी एक मशीन मी तिथं बघितली. दहा मिनिटं चालायची आणि बंद पडायची, थंड झाली की पुन्हा चालायची. प्लग नवा, कॉइल नवी, कार्बोरेटरही नवा. उस्तादांनी काहीच खोललं नाही. मशीन चालू करून चहा मागवला. ती बंद पडली तेव्हा टाकीचं झाकण हळूच सैल केलं. सुस्स करून हवा आत गेली. "श्वास कोंडला होता, मामा." टाकीत हवा जायचं बारीक भोक बुजलं होतं. पेट्रोल खाली उतरेल तशी आत पोकळी धरायची आणि पेट्रोल यायचं थांबायचं. उस्तादांनी सुई फिरवली. पैसे घेतले नाहीत, फक्त चहा मामांच्या खात्यावर टाकला आणि पुढं महिनाभर ही गोष्ट येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगितली. मजुरी परवडली असती, असं मामांनाही वाटलं असेल.

या सगळ्या गोंधळात दुकानात एक पोरगं असतं. शाळा सुटली की येतं, बोलत काहीच नाही. उस्तादांचं भाषण चालू असताना ते कोपऱ्यात बसून मशीनची चेन शिकंज्यात धरतं आणि गोल कानस घेऊन एकेका दाताला तीस अंशांत दोन-तीन हात मारतं. दातापुढचा उंचवटा जरासा घासतं. ओढंना झालेल्या बहुतेक मशिनींचं दुखणं एवढंच असतं. धारेची चेन लाकडाचे जाडसर तुकडे फेकते, बोथट चेन पिठासारखा भुसा पाडते. टेबलावर आलेल्या मशीनच्या खाचाखाचांत तो भुसा भरलेला स्वच्छ दिसत असतो. उस्ताद तो फुंकरीनं उडवून लावतात आणि सिलिंडर खोलायला घेतात. मग दुकानामागच्या ओंडक्यावर चाचणी होते, पट्टी सरसर खाली जाते, गिऱ्हाईक म्हणतं, "मानलं उस्ताद!" आणि उस्ताद हात पुसत म्हणतात, "सेटिंग!" पोरगं पुढची चेन शिकंज्यात लावतं.

तेव्हा मशीन ओढंना झाली तर आधी भुसा बघा, चेनला कानस मारा, टाकीचं झाकण सैल करून पाहा. तरीही नाही भागलं तर खुशाल उस्तादांकडं या, फक्त स्क्रू अजून टाईट करा म्हणू नका. आणि हळदीच्या हंगामात येऊ नका, तेव्हा नंबर लागत नाही.