दगडावरचं बोर्ड

"ऐकलंस का गं, शाळेची जुनी इमारत पाडायला काढलीय. ठेका कुणाला, ते मी सांगत नाही. तुलाही ठाऊक आहे आणि सरपंचाच्या मेव्हण्यालाही!"

"कुठली, झेडपीची?"

"आता झेडपीची. दारावरच्या दगडावर अजून ‘डि. लो. बोर्ड’ कोरलंय, वाचलं नाहीस कधी? डिस्ट्रिक्ट लोकल बोर्ड. आमच्या सासूबाई शेवटपर्यंत बोर्डाची शाळाच म्हणायच्या. दवाखाना बोर्डाचा, सडक बोर्डाची, विहीर बोर्डाची."

"आमच्या यवतमाळकडे जनपदची शाळा म्हणत, काकू. १९४८ च्या कायद्यानं तिकडे तालुक्यातालुक्याला जनपद सभा आल्या."

"इकडचं बोर्ड त्याहून जुनं, १८८४ च्या कायद्याचं. लॉर्ड रिपनसाहेबाला वाटलं, लोकांनी आपला कारभार आपण बघावा. पण त्याच्याही आधीपासून शेतसाऱ्याच्या रुपयामागं एक आणा लोकल फंड म्हणून घेत होते. त्यातला मोठा हिस्सा सडकांना, बाकीचा शाळांना. आणि बोर्डाचा अध्यक्ष कोण? कलेक्टर! आणा कुणब्याचा, खुर्ची साहेबाची."

"काहून, निवडणुका नव्हत्या?"

"होत्या की. पण मत बड्या खातेदाराला. ज्याला जमीन नाही, त्याला विचारतो कोण? पुढं कलेक्टर खुर्चीवरनं उतरला, ब्राह्मणेतर चळवळीतली माणसं बोर्डात शिरली, मग खरा रंग भरला. चेअरमनच्या विरोधातला मास्तर दिसला, की बदली थेट जावळीच्या डोंगरात!"

"ते तर अजून चालतंय. अन् त्या विहिरीवर सगळ्यांना पाणी भरता येई का हो?"

"नाव काढू नकोस. सार्वजनिक पैशातल्या विहिरी, शाळा, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या करा, असा ठराव १९२३ साली सी. के. बोले यांनी मुंबईच्या कौन्सिलात मंजूर करून घेतला. सरकारनं तो खाली कळवलाही. पण कागद दप्तरात पडला आणि रहाट होता त्यांच्याच हातात राहिला. महाडचं तळं नगरपालिकेचं, तिनं तर ठरावही केला होता. तरी १९२७ साली आंबेडकरांना तिथं सत्याग्रह करावा लागला. मला विचारशील तर बोर्डाचं सगळ्यात मोठं पाप हेच. सडकांचे खड्डे परवडले."

"मग हे बोर्ड गेलं कधी?"

"१ मे १९६२ ला. इथलं लोकल बोर्ड, तुमची जनपद, सगळं मोडलं आणि जिल्हा परिषदा आल्या."

"वसंतराव नाईकांच्या समितीनं सुचवलं होतं ते. आमच्या पुसदचे!"

"माहितेय बाई, दर खेपेला सांगतेस. काम मोठं केलं त्यांनी, नाही कोण म्हणतं? पण २०२२ ला परिषदेची मुदत संपली आणि पुढं वर्षानुवर्षं निवडणुकीचा पत्ताच नव्हता. बोर्डाच्या काळी कलेक्टर अध्यक्ष, त्या वर्षांत सीईओ प्रशासक. निवडून दिलेल्या माणसाला निदान दारात उभं राहून शिव्या तरी घालता येतात, प्रशासकाला घालायच्या कुठं?"

"अन् तो आणा? तो गेला ना तरी?"

"जातोय कशाला! तलाठ्याकडं सारा भरलास ना परवा? पावती काढून बघ, जि. प. कराचा रकाना वेगळा आहे."