पोटरीचे पाढे

साताऱ्यात राहून धावायचं नाही म्हणजे कोल्हापुरात राहून तांबडा-पांढरा नको म्हणण्यासारखं आहे. २०१२ साली इथे हिल मॅरेथॉन सुरू झाली आणि तेव्हापासून यवतेश्वरच्या घाटात भल्या पहाटे एवढी माणसं पळत असतात, की एसटीच्या ड्रायव्हरनं हॉर्न वाजवावा की टाळ्या, असा प्रश्न पडावा. आमच्या बिल्डिंगमधले तळमजल्यावरचे वकील धावतात, दुसऱ्या मजल्यावरच्या सासू-सुना धावतात (एकाच दिशेनं), आणि दूधवाल्याच्या मुलाकडे मेडलं टांगायला वेगळा खिळा आहे. जिल्ह्याचं तर बोलायलाच नको. माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर २०१६ साली रिओ ऑलिंपिकला तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत गेली आणि जगात दहावी आली. त्या शर्यतीत २८ अडथळे असतात आणि ७ वेळा पाण्यावरून उडी मारावी लागते. आमच्या हॉलपासून बाथरूमपर्यंत अडथळे साधारण तेवढेच आहेत, फक्त पाणी आलं की मी घसरतो.

अशा गावात सत्तावन्नाव्या वर्षापर्यंत मी बसून होतो. आधी बँकेत बसलो, मग व्हीआरएस घेऊन घरात बसलो. शेवटी बिल्डिंगच्या अब्रूसाठी म्हणून बूट घेतले, थोडं पळू लागलो, आणि त्या थोड्याच्या जोरावर शर्यतीत नाव घालून टी-शर्टही मिळवला. टी-शर्ट मिळाला म्हणजे फोटो आला, आणि हल्ली जमिनीवर उभं राहून फोटो काढत नाहीत, हवेत उडी मारून काढतात. मैदानात एका कडेला पोरं क्रिकेटची तयारी करत होती, समोर सौ. मोबाईल घेऊन उभी होती, मी "एक, दोन, तीन" म्हणून उडी मारली. उडी छान झाली. उतरणं राहिलं.

म्हणजे उतरलो, पण उतरता उतरता डाव्या पोटरीवर मागून कुणीतरी फाडकन बॉल मारला. मी तिथंच खाली बसलो आणि त्या पोरांवर जो काही तोंडाचा पट्टा सोडला, त्यात त्यांचे आईवडील, त्यांची शाळा, मोबाईल, चायनीजच्या गाड्या, सगळं आलं. पोरं मुकाट्यानं ऐकत होती. माझा दम संपल्यावर त्यातला एक चिमुरडा म्हणाला, "काका, बॉल अजून आणायचाय."

पोटरीचा स्नायू फाटला की हुबेहूब असंच वाटतं, मागून कुणीतरी मारल्यासारखं, हे नंतर डॉक्टरांनी सांगितलं. या दुखण्याला 'टेनिस लेग' म्हणतात हेही सांगितलं. आयुष्यात मी टेनिस खेळलो नाही. आमच्या वेळी टेनिस म्हणजे फक्त चेंडूची जात.

आता नीट ऐका, कारण पुढचा भाग सौ. प्रत्येक पाहुण्याला सांगते आणि त्यात माझी बाजू येत नाही. पाय गार पाण्यात बुडवून बसावं म्हणून मी गॅलरीत एक टब भरून ठेवला. दोन दिवस बसलो. मग गार पाणी फार गार लागतं म्हणून नाद सोडला, टब मात्र पुन्हा लागेल म्हणून तसाच राहू दिला, आणि त्यावर ओले टॉवेल वाळत पडल्यामुळे तो कुणाला दिसेना. एडिस डासाला अंड्यापासून उडण्यापर्यंत आठ-दहा दिवस पुरतात. तो साठलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो आणि दिवसाउजेडी चावतो. घरात दिवसभर एका जागी, पाय उघडा टाकून, औषध लावून बसलेला माणूस एकच होता. पोटरी बरी होत आली आणि मला चिकनगुनिया झाला.

ताप चार दिवसांत उतरला, पण सांधे महिनोन्महिने उतरेनात. टूथपेस्टचं झाकण फिरवायला सौ.ला हाक मारावी लागे. पलंगावरून उठलो की शरीराचा काटकोन होई आणि तो सरळ व्हायला दहा वाजत. भेटायला येणारा प्रत्येकजण पपईच्या पानांचा रस घेऊन येई. तो डेंग्यूसाठी आणतात, मला चिकनगुनिया झालाय, असं मी सांगून पाहिलं. वकील म्हणाले, "काका, कडू आहे ना? मग झालं तर." एवढ्यावर न थांबता त्यांनी मला फौजा सिंग ऐकवले, जे २००० साली ८९व्या वर्षी लंडन मॅरेथॉन धावले. मी लगेच हिशेब केला. तोवर माझं एकोणसाठावं लागलं होतं, म्हणजे अजून तीस वर्षं हातात होती. त्या रात्री फार शांत झोप लागली.

पण सौ.नं परस्पर फिजिओथेरपीची वेळ घेतली. तिथली मुलगी माझ्या भाचीच्या वयाची. तिनं माझी पोटरी दाबून पाहिली, मला एका पायावर उभं केलं, मी दोन्ही हातांनी तिच्या टेबलाला धरलं, आणि ती गोड आवाजात म्हणाली, "काका, आपण अगदी शून्यापासून सुरू करू." मला आपलं वाटत होतं की शून्य पुढे आहे.

शून्य म्हणजे टाचा उचलणं. ओट्याला धरून उभं राहायचं, दोन्ही टाचा सावकाश वर, त्याहून सावकाश खाली. सौ. शेजारी भाकरी थापते, मी वरखाली होतो. पहिल्या आठवड्यात "नाहीतरी उभेच आहात तर दुधाकडे बघा" म्हणून ती वाण्याकडे गेली. मी टाचा वर करून मोजत होतो, दूधही वर आलं, आणि आम्ही दोघं बरोबरच खाली उतरलो.

त्या मुलीनं एक गोष्ट मात्र नीट समजावली. आजारपणानंतर दम आणि स्नायू तसे लवकर सुधारतात, पण टाचेच्या टेंडनला रक्तपुरवठा कमी, त्याला महिने लागतात. त्यामुळे आता आपल्याला जमतंय असं ज्या दिवशी वाटतं, नेमका तोच दिवस धोक्याचा. "जमतंय असं वाटलं की थांबायचं, काका." मी म्हटलं, हे तर मी जन्मभर करत आलोय.

मग मिळालं वेळापत्रक. एक मिनिट पळायचं, दोन मिनिटं चालायचं. मला हे कमीपणाचं वाटलं, तेव्हा तिनं जेफ गॅलोवे या गृहस्थांचं नाव काढलं. हे १९७२च्या म्युनिक ऑलिंपिकला दहा हजार मीटर धावलेले, आणि मध्ये मध्ये चालत धावा हे जगाला त्यांनीच शिकवलं. मी घरी येऊन ऐटीत सांगितलं, माझी पद्धत ऑलिंपिकची आहे. सौ. म्हणाली, "त्यातली चालायची का?"

पोटरीला चढ नको, सपाट रस्ता हवा, अशी अट होती. साताऱ्यात सपाट रस्ता शोधणं हाच एक व्यायाम आहे, इथला रस्ता एकतर अजिंक्यताऱ्याकडे चढतो नाहीतर पोवई नाक्याकडे उतरतो. शेवटी गोडोलीकडे कॉलनीतला एक तुकडा सापडला. मुलानं पुण्याहून घड्याळ पाठवलं होतं. २२० मधून वय वजा करायचं, म्हणजे माझे ठोके १६१च्या वर जाऊ द्यायचे नाहीत, असा त्याचा फोनवरून हुकूम. बुटाची नाडी बांधायला वाकलो तिथंच घड्याळानं १३० दाखवले. आणि खरा अपमान पुढेच होता. या घड्याळाला माणूस थांबल्याचं आपोआप कळतं, मग ते मोजणं बंद करतं. मी पळायला लागलो, हात हलवत, तोंडानं श्वास सोडत, सगळं शास्त्रशुद्ध, आणि घड्याळानं मनगटाला हलकेच कंप देऊन कळवलं की मी थांबलो आहे.

यावर ती मुलगी म्हणाली, घड्याळ राहू द्या, बोलून बघा. पळताना पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. वाक्य तुटलं तर वेग जास्त.

बोलायचं कुणाशी? सौ.ला बरोबर चल म्हटलं तर म्हणाली, "इतकी वर्षं घरात मी बोलते आणि तुम्ही 'हूं' म्हणता. आता पळता पळता बोलणार?" मग एका जुन्या बँकमित्राला फोन लावून पळायला लागलो. "अरे, मी... जरा... पळतोय..." एवढंच त्यानं ऐकलं आणि ओरडला, "कुठं आहेस? कोण मागं लागलंय? असतील नसतील ते पैसे देऊन टाक!"

त्यामुळे पाढ्यांवर आलो. पाढ्याची एक ओळ म्हणजे बेताचं वाक्य, शिवाय समोर माणूस लागत नाही. वीसपर्यंतचे पाढे लहानपणी छडीखाली झालेले, ते धापेशिवाय सुटत. कुणी एक आजोबा मी नामस्मरण करतोय समजून हात जोडून उभे राहिले, तेव्हा सतरा चोकचा जरा घोळ झाला, पण एकंदरीत बरं चाललं होतं. मग अंगात मस्ती आली आणि मी एकोणतीसचा पाढा काढला.

"एकोणतीस सक... एकशे... चौऱ्याहत्तर... एकोणतीस साते... साते..."

"दोनशे तीन," मागून आवाज आला. खणखणीत. वळून बघतो तर नऊवारी, पायात कापडी बूट, हातात पारिजातकाच्या फुलांची पिशवी. प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेल्या बाई, ऐंशीच्या घरातल्या. मी त्यांच्या हाताखालून गेलो असा त्यांचा दावा आहे. मला ते आठवत नाही, पण त्यांना माझं गणित आठवतं.

आणि त्या चालत होत्या. मी पळत होतो. त्या चालत मला गाठून, उत्तर सांगून, पुढे गेल्या.

दुसऱ्या दिवसापासून बाई कोपऱ्यावर उभ्याच. सोबत आहे म्हणून मला आधी बरं वाटलं. एकोणतीस झाल्यावर त्यांनी पावकी, निमकी काढली, मग थेट औटकीला हात घातला. साडेतीनच्या पटीत पळताना माणसाचा पाय कुठे पडतो हे त्याला कळत नाही. औट साते साडेचोवीस म्हणताना मी कचऱ्याच्या डब्याला टेकलो आणि घड्याळानं ताबडतोब माझा व्यायाम संपल्याबद्दल अभिनंदन केलं.

पण बाईंना माझ्या वेगानं चालणं सोसेना. गुडघे आखडतात म्हणाल्या. "तू असं कर, मागून मोठ्यानं पाढे म्हणत ये. मी आपली पुढं जाते. आवाज बंद झाला तर वळून बघेन."

तेव्हापासून सगळी कॉलनी माझ्या पाढ्यांवर उठते. एका घरातल्या मुलाला तर ऐकून ऐकून बावीसचा पाठ झाला, असं त्याच्या आईनं सौ.ला भाजी घेताना सांगितलं. फिजिओवाली मुलगी खूश आहे, पोटरी गप्प आहे, फक्त मला मध्येच थांबायची सोय उरलेली नाही. काल नाडी सुटली म्हणून वाकलो, गाठ काही केल्या बसेना, तेवढ्यात पुढच्या वळणाआडून हाक आली.

"एकोणतीस आठे?"