पेशवाई, भाड्याने

आमच्या भागात लग्नाची तारीख पूर्वी दोन गोष्टींवर ठरायची. एक मुहूर्त आणि दुसरं उसाचं बिल. आता तिसरी गोष्ट आली आहे, थीम. धाकट्या बहिणीच्या मुलीचं लग्न भवानीनगरला ठरलं, तेव्हा पत्रिका छापून यायच्या आधीच मोबाइलवर एक चित्र आलं. मागे शनिवारवाडा, पुढे दोन मोर आणि मध्ये सोनेरी अक्षरांत, 'संगीत संध्या. थीम : शाही पेशवाई. ड्रेसकोड आवश्यक.'

हे डोकं थोरल्या भाचीचं. ती इंग्लंडात नोकरीला असते. तिकडे बाथ नावाचं गाव आहे, तिथे दर सप्टेंबरात जेन ऑस्टिन या लेखिकेच्या नावानं उत्सव भरतो. बाया छातीखालून सुटणारे लांब झगे घालतात, पुरुष मागे शेपूट असलेले कोट घालतात, दिवसा गावातून मिरवतात आणि रात्री समोरासमोर रांगा करून नाचतात. पावलं चुकू नयेत म्हणून आधी शिकवणी असते. २०१४ साली तिथे साडेपाचशे माणसं त्या वेशात जमली आणि त्याचा जागतिक विक्रम झाला, असं भाचीनं सांगितलं. बहिणीला त्याचं काही वाटलं नाही. "एका वेशातली साडेपाचशे माणसं तर कारखान्याच्या वार्षिक सभेलाच असतात," ती म्हणाली.

मला वाचायची खोड. पाहतो तर ऑस्टिनबाई आणि आपला दुसरा बाजीराव, दोघांचा जन्म १७७५ चा. बाई १८१७ च्या जुलैत गेल्या आणि त्याच नोव्हेंबरात शनिवारवाड्यावर इंग्रजांचं निशाण चढलं. म्हणजे भाची बाथला ज्या काळाचे कपडे घालून नाचते, त्याच काळाचे भवानीनगरला घालून नाचायचं म्हणते, फक्त पार्टी बदलून. मी हे उत्साहानं घरात सांगितलं. बहीण म्हणाली, "दादा, हे माईकवर बोलू नकोस. व्याह्यांना जेवायचं असतं."

खरं तर आमच्या पंचक्रोशीला पेशवाई बाहेरून आणायची गरज नाही. बारामतीत कऱ्हेकाठी बाबूजी नाइकांचा वाडा आहे. हे नाईक पेशव्यांचे सोयरे, आणि सावकारही. थाट पुण्याचा, तगादा बारामतीचा, असा तो व्यवहार. याच नाइकांच्या आश्रयाला राहून मोरोपंतांनी आर्यांमागून आर्या रचल्या. सोलापूरचा शाहीर राम जोशी लावणी-तमाशातला खंदा गडी, तोही पंतांच्या नादानं कीर्तनाकडे वळला म्हणतात. तेव्हा थीम प्रामाणिकपणे पाळायची तर संगीत संध्येला कीर्तन ठेवून बुक्का लावायला हवा होता. पण कोरिओग्राफरला ॲडव्हान्स देऊन झाला होता.

मग ड्रेपरीवाल्याकडे. त्याचं दुकान चालतं शाळांच्या गॅदरिंगवर. मावळे, वारकरी, झाशीची राणी, एक वांगं आणि दोन वाघ. पेशव्यांचं नाव काढताच तो म्हणाला, "पेशवे संपले. दोनच होते, ते नवरदेवाकडच्यांनी नेले. मावळे पाहिजे तेवढे घ्या." एकुलता एक मामा म्हणून मला मावळा करणं बरं दिसेना, म्हणून त्यानं आतून सरदाराचा अंगरखा काढला. मखमली, जरीकाठी आणि चक्क मापात बसणारा. घरी येऊन पाहिलं तर गळ्याच्या आतल्या बाजूला मार्करनं लिहिलेलं, 'अफझलखान'. फोन केला. तो म्हणाला, "तुमचं पोट दुसऱ्या कशात मावंना, साहेब."

बायकांचा प्रश्न मात्र बाजारानं सोडवला आहे. नऊवारी आता शिवून मिळते. पेशवाई, मस्तानी, राजलक्ष्मी असे तिचे नमुने आहेत. पायजम्यासारखी चढवायची, बाजूची चेन ओढायची, पदर खांद्यावर टाकायचा. नथ दाबाची, चंद्रकोर चिकटवायची. जन्मभर नऊवारी नेसलेल्या आमच्या आईनं ती उलटसुलट करून पाहिली, आत हात घालून शिवण तपासली आणि विचारलं, "खिसा हाय का गं हिला?" होता. मोबाइलसाठी. आईनं आपल्या लुगड्याकडे कधी नव्हे ते जरा तुच्छतेनं पाहिलं.

२०१५ साली 'बाजीराव मस्तानी' आला, तेव्हा काशीबाई आणि मस्तानी एकत्र पिंगा घालतात म्हणून दोन्ही घराण्यांच्या वंशजांनी हरकत घेतली होती. आमच्याकडे तो प्रसंगच आला नाही. मंचावर नऊ मस्तान्या उभ्या राहिल्या आणि काशीबाई व्हायला कुणीच तयार नव्हतं. शेवटी मुलीच्या काकूला उभं केलं. काकूंनी सगळा नाच नऊ सवतींकडे असा पाहत केला की कोरिओग्राफरनं अभिनयाबद्दल त्यांचं खास कौतुक केलं.

फाटकावर वेगळंच चाललं होतं. निमगाव केतकीचे अण्णा आले होते. धोतर, पैरण, लाल पटका, खांद्यावर घोंगडी. रोजचाच वेश. इव्हेंटवाल्या पोरानं त्यांना पाहिलं आणि दंडाला धरून तुतारीवाल्याशेजारी उभं केलं. "आजोबा, हसत राहा, अन् हात जोडायचे." अण्णांना वाटलं, मुलीकडच्यांनी मान दिला. तासभर ते येईल त्याला हात जोडत राहिले, लोक त्यांच्या गळ्यात हात टाकून फोटो काढत राहिले. एका हौशी पाहुण्यानं हातात वीस रुपये ठेवले, तेव्हा अण्णा म्हणाले, "आवं, आहेर आत द्यायचा आस्तो."

रात्री दहाला डीजे बंद करावा लागतो, कायदाच आहे. पेशवे, मावळे आणि एक बाहुबली (तो कुठून आला कळलं नाही) भराभर जेवणाकडे वळले. मंडप मोकळा झाला तशा आई आणि तिच्या वयाच्या बायका खुर्च्या सरकवून उठल्या. फुगडी, झिम्मा, मग पिंगा. बिनमाइकचा, बिनकोरिओग्राफरचा, मंगळागौर जागवताना घालतात तो. दोन मस्तान्या त्यात शिरल्या, तिसऱ्या फेऱ्याला एकीची चेन गेली आणि ती खांबाला पाठ लावून उरलेला पिंगा टाळ्यांवर खेळली. अण्णांनी खिशातला रुमाल काढून दोन पावलं धनगरी गजी नाच धरला. ढोल नव्हता, तोंडानंच वाजवला. भाचीनं ते सगळं चित्रित केलं आणि मला विचारलं, "मामा, हे कुठं शिकवतात?" मी म्हटलं, तुकोबांची पालखी याच रस्त्यानं जाते, काटेवाडीला मेंढ्यांचं रिंगण होतं, बेलवाडीला घोड्यांचं. आषाढी वारीला रजा काढून ये, फी नाही.

सकाळी ड्रेपरीवाला वही घेऊन हजर. पगड्या बरोबर, तलवारी बरोबर, मिशा चार कमी. मिशांचे पैसे अनामतीतून कापून घेतले. ढाली बाराच्या अकरा भरल्या. बारावी शोधत तो आचाऱ्याकडे गेला, तर ती भाताच्या पातेल्यावर झाकण म्हणून बसली होती. आचारी म्हणाला, "पंगत उठू द्या, मग न्या. वाफ धरलीय झ्याक."