आईचा पहिला नंबर

माझी आई आयुष्यात एकदाही नापास झालेली नाही, आणि नेमकं तेच आम्हाला नडलं.

कऱ्हाडच्या एका शाळेत तिनं ३१ वर्षं गणित शिकवलं. आज ती ८२ वर्षांची आहे आणि कॅलिफोर्नियात माझ्याकडे राहते. गुडघे गेलेत, बोटं संधिवातानं वाकलीत, डावा हात थरथरतो. तरी कुणी ‘कशा आहात?’ विचारलं की उत्तर ठरलेलं : ‘ठणठणीत!’ हे उत्तर देताना ती कशाला तरी धरून उभी असते, पण तेवढं विचारणाऱ्याच्या लक्षात येत नाही.

दोन वर्षांपूर्वी मंडळाच्या गणपतीत, प्रसादाच्या रांगेत, एका काकूंनी मला विचारलं, “आईचं आय-एच-एस-एस केलंस का?” मुलाची मुंज केलीस का, याच सुरात. मी नाही म्हटल्यावर त्यांनी द्रोणातली खिरापत संपेपर्यंत माझी शिकवणी घेतली.

इन-होम सपोर्टिव्ह सर्व्हिसेस, म्हणजेच आय-एच-एस-एस. १९७३ साली कॅलिफोर्नियानं कायद्यानं आणलेली योजना. माणूस ६५ च्या पुढचा, अंध किंवा अपंग असला, मेडी-कॅलला, म्हणजे कमी उत्पन्नवाल्यांच्या सरकारी आरोग्य विम्याला, पात्र असला आणि मदतीशिवाय घरात सुरक्षित राहू शकत नसला, तर त्याला नर्सिंग होममध्ये धाडण्याऐवजी सरकार घरीच मदतनीस देतं. आणि मदतनीस म्हणून सख्खी लेकसुद्धा चालते. किंबहुना बहुतेक घरांत नातेवाईकच हे काम करतात. महाराष्ट्रात श्रावणबाळ नावाची सरकारी योजना आहे. तिथे म्हाताऱ्यांना निवृत्तीवेतन मिळतं, बाळाचं फक्त नाव वापरलेलं असतं. इथे बाळालाच तासावर कामाला ठेवतात.

मी नोकरी अर्धवेळ केली होती ती आईसाठीच. तेव्हा अर्ज करायचं ठरलं. आई सोडून सगळ्यांचं.

“सरकारनं का द्यावेत पैसे? मी तुला जन्म दिला तेव्हा मला कुणी तासाचे दिले?” 

हा मुद्दा बिनतोड होता. पण नवऱ्यानं तिला सांगितलं, की आई, हा तुमचा हक्क आहे. जावयाच्या शब्दाबाहेर आई जात नाही. माझ्या जाते.

आधी पैशांचा हिशेब. मेडी-कॅलसाठी उत्पन्न दाखवायचं, म्हणजे तिचं पेन्शन. रुपयांतलं पेन्शन डॉलरमध्ये केलं की इतकं बारीक होतं की पात्रतेची काळजीच उरत नाही. मालमत्तेचा नियम मात्र सारखा कूस बदलत आलाय. २०२२ पर्यंत एकट्या माणसाजवळ २,००० डॉलरच्या वर काही चालत नसे. मग मर्यादा १,३०,००० झाली, २०२४ मध्ये ती पूर्ण उठली आणि २०२६ च्या जानेवारीपासून १,३०,००० वर परत आली. आईची मालमत्ता : एक ठुशी, चार बांगड्या आणि वडिलोपार्जित वाड्यात १/१४ हिस्सा. तोही कोर्टात. ‘हा हिस्सा विकता येईल का?’ असं फोनवरच्या माणसानं विचारलं तेव्हा आई इतकी हसली की तिला ठसका लागला. वाडा पुढच्या पिढीच्या हयातीतही विकला जाणार नाही, हे कॅलिफोर्नियाला कसं समजावणार?

हे सगळं चालू होतं नोव्हेंबरात, आणि नोव्हेंबर म्हणजे हयातीचा दाखला. त्यामुळे त्या महिन्यात आई एका सरकारला आपण अजून आहोत हे पटवून देत होती आणि दुसऱ्या सरकारला आपल्याच्यानं आता होत नाही हे. पहिलं काम तिनं उत्साहानं केलं.

डॉक्टरांचा फॉर्म वेगळा, एस-ओ-सी ८७३. तो ४५ दिवसांत द्यायचा. डॉक्टरांनी बिचाऱ्यांनी खरं ते लिहिलं. आईनं तो वाचला आणि म्हणाली, “हे कुणाबद्दल लिहिलंय?”

मग ठरल्या दिवशी सोशल वर्कर घरी आली. तरुण मुलगी, हातात लॅपटॉप, चेहऱ्यावर दिवसातलं चौथं घर असल्याचा भाव. मी आईला आदल्या रात्री बजावलं होतं, खरं सांग, बढाया मारू नकोस. आईनं मान हलवली होती. सकाळी बघते तर इरकल नेसून तयार, केसांत फूल, आणि काठी गायब. काठी मला संध्याकाळी बाथरूमच्या दाराआड सापडली.

दुभाषी बाई फोनवर होत्या. काउंटी दुभाष्या फुकट देते, आणि मराठीसुद्धा मिळतो याचं मला अप्रूप वाटलं. फोन टेबलावर, स्पीकर चालू. पहिला प्रश्न, “हे तुमचं घर आहे का?” माणूस स्वतःच्या घरी राहणारा हवा, अशी अट आहे. लेकीचं घर त्यात चालतं. आईला हे पढवून ठेवलं होतं.

“छे, जावयांचं आहे. मी पाहुणी.”

“किती दिवस राहणार आहात?”

“थंडी संपली की जाईन म्हणते.”

थंडी संपली की जाईन, हे ती गेल्या १४ हिवाळ्यांपासून म्हणतेय. मधल्या काळात ती अमेरिकेची नागरिकही झाली. मी घाईनं खुलासा केला. 

“आपणांस स्नानासाठी साहाय्याची आवश्यकता भासते का?” फोनमधून प्रश्न आला.

“आवाज ओळखीचा वाटतो. तुम्ही मूळच्या कुठल्या?” आईनं उलट विचारलं.

दुभाष्याला बोललेलं सगळं भाषांतर करावं लागतं. त्या बाईंनी ते चोख केलं. सोशल वर्करला वाटलं तिलाच विचारलंय. ती म्हणाली, स्टॉक्टनची. ते मराठीत आलं. आई म्हणाली, “तुम्हाला नव्हे हो, फोनमधल्या बाईंना विचारतेय.” तेही इंग्रजीत गेलं. शेवटी स्नानाचं उत्तर आलं ते असं : “माझं मी करते.”

मी दाराबाहेर स्टूल टाकून बसते. पाठ मी चोळते, टबमध्ये पाय मी उचलून ठेवते. पण प्रश्न विचारल्यावर उत्तर देता न येणं हे आईच्या कोशात नाही. स्वयंपाक? “सगळा येतो.” (येतो; उभं राहवत नाही.) कपडे? “दोन मिनिटांत.” औषधं? “मीच जावयांना त्यांच्या गोळीची आठवण करते.” हे मात्र खरं होतं.

कळस शिऱ्यावर झाला. शिरा मी केला होता, पण बशी आईनं स्वतः नेऊन दिली. स्वयंपाकघरापासून सोफ्यापर्यंत आठ पावलं. बशीतला चमचा आठही पावलं किणकिणत होता. मला तोच ऐकू येत होता. सोशल वर्करला शिऱ्याचा वास येत होता.

तीन आठवड्यांनी पत्र आलं. महिन्याला ७ तास १२ मिनिटं मंजूर. आईनं उभ्या उभ्या हिशेब केला, “४३२ भागिले ३०. रोज १४ मिनिटं २४ सेकंद.” आणि वर, “एवढे कशाला लागतात?”

मंजूर तासांत होतं काय? तर केर-लादी, कपडे धुणं, वाणसामान. केर-लादीला अख्ख्या घराला महिन्याला ६ तास असतात. घरात आम्ही चौघं, म्हणजे आईच्या वाटणीचा केर दीड तासाचा. “आणि उरलेले साडेचार तास तुमचा केर कोण काढतं?” तिनं माझ्या मुलाकडे बघत विचारलं. मुलगा खोलीत गेला.

मी काकूंना फोन लावला. त्या म्हणाल्या, अगं वेडे, ते लोक प्रत्येक कामाला १ ते ५ नंबर देतात. १ म्हणजे स्वतःचं स्वतः करतो. ५ म्हणजे मुळीच जमत नाही. चौकशी केली, तर आईला आंघोळ, कपडे, चालणं, उठणं-बसणं या सगळ्यांत १.

आईचा चेहरा असा काही उजळला, की जणू कऱ्हाडच्या शाळेत निकाल लागलाय. “सगळ्यात पहिला नंबर?”

“अगं आई, या परीक्षेत पहिला नंबर म्हणजे नापास!”

तिनं माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, त्या नजरेनं शाळेतली किती मुलं आयुष्यभर बेरजा नीट करू लागली असतील.

राज्याकडे दाद मागायला ९० दिवस असतात. पण काकू म्हणाल्या, आधी पुन्हा तपासणी माग, आणि तोवर आठवडाभर वही ठेव. काय करतेस, किती मिनिटं, सगळं लिही. मी शंभर पानी वही आणली. सकाळ : पलंगावरून उठवणं, ४ मिनिटं. आंघोळ, २६. लिहिता लिहिता मला पहिल्यांदाच कळलं की माझा दिवस कुठे जातो.

आणि ब्लाउजची हुकं. आईचे ब्लाउज पुढून हुकांचे, सहा हुकं. वरची तीन मी लावते, खालची तीन ती हट्टानं स्वतः लावते. अंगठा आणि तर्जनीच्या मधे हूक येतं, निसटतं, पुन्हा येतं. मी शेजारी उभी राहून खिडकीतून बाहेर बघते, कारण तिच्या हाताकडे बघितलेलं तिला चालत नाही. वहीत मी लिहिलं, कपडे, ११ मिनिटं.

चौथ्या दिवशी वही उघडली तर लाल शाई. ‘११’ वर काट मारून ‘१४’ केलं होतं. समासात शेरा : ‘पहिल्या हुकापासून धरलं. मोजणी साडी काढल्यापासून.’ आंघोळीच्या २६ चे २९ झाले होते. दुपारची वामकुक्षी संपल्यावरचं उठवणं मी विसरले होते, ते तिनं लिहिलं होतं, थरथरत्या पण ठळक आकड्यांत : ३ मि. रात्री बाथरूमला नेणं, दोन वेळा. ‘बुधवारी तीन वेळा. तू झोपेत होतीस म्हणून तुला आठवत नाही.’ पानाच्या तळाशी बेरीज, बेरजेखाली दोन रेघा.

मी काही बोलले नाही. तीही नाही. दुसऱ्या दिवशी तिनं फक्त विचारलं, “महिन्याचे करताना चारानं गुणतात का?” मी म्हटलं, ४.३३ नं. ती क्षणभर थांबली. “५२ भागिले १२. बरोबर आहे.” कॅलिफोर्निया सरकारबद्दल तिचं मत त्या दिवशी पहिल्यांदा बरं झालं.

पुन्हा तपासणीला तीच मुलगी आली. या वेळी इरकल नाही, काठी हाताशी, वही मांडीवर. “स्नानासाठी साहाय्य...” “२९ मिनिटं. पाठ, पाय आणि टबात चढणं-उतरणं. केस धुण्याच्या दिवशी ३८.” फोनमधल्या बाईसुद्धा दचकल्या असाव्यात. रात्री किती वेळा उठता? “सरासरी २.३.” कुणाची मदत लागते का? इथे आई जरा थांबली, चष्मा पुसला, आणि वहीकडे बघून म्हणाली, “लागते. इथे लिहिलंय.”

शेवटी तिनं बेरीज तपासायला वही पुढे केली. त्या मुलीला मराठी आकडे येत नव्हते, तर आईनं तिला १ ते १० शिकवूनच सोडलं.

६३ तास ४ मिनिटं मंजूर झाले. भरवणे, ०. “बरोबर,” आई म्हणाली. “हात आहेत अजून.”

मग माझी पाळी. आईची काळजी घ्यायला मी गुन्हेगार नाही, हे आधी सिद्ध करायचं. दहाही बोटांचे ठसे दिले, आणि त्याची फी माझीच. शपथपत्रं, सूचनावर्ग. आपण आणि जिची सेवा करतो ती एकाच घरात राहत असू, तर या मजुरीवर केंद्राचा आयकर लागत नाही. हे वाक्य नवऱ्यानं मला तीन वेळा वाचून दाखवलं. लग्नाच्या पंचवीस वर्षांत माझं कुठलं वाक्य त्यानं इतक्यांदा वाचलेलं नाही.

पण खरी गंमत सूचनावर्गात कळली. या योजनेत कामावर ठेवणार, काढणार आणि देखरेख करणार सरकार नाही. ती सेवा घेणारी व्यक्ती. म्हणजे आई माझी मालकीण. दर पंधरवड्याला मी तास भरायचे आणि तिनं ते मंजूर करायचे. हे मी घरी येऊन सांगायला नको होतं.

पहिल्या पंधरवड्याला तिनं चष्मा चढवला. “मंगळवार. वेणी घालताना तू फोनवर बोलत होतीस. ६ मिनिटं वजा.”

“अगं, हात चालूच होते ना माझे!”

“लक्ष नव्हतं. भांग वाकडा निघाला.”

वजा केले. गुरुवारी पायाला तेल लावताना मालिका बघितल्याबद्दल ४. ‘मालिका तूच लावली होतीस’ हा माझा बचाव फेटाळला गेला. मग तिनं मंजुरीचं बटण दाबलं, दोनदा, कारण पहिल्यांदा बोट थरथरून भलतीकडे गेलं. दाबून झाल्यावर म्हणाली, “आणि रविवारी तुला सुट्टी.”

“आई, सुट्टी कसली? रविवारी तुझी हुकं कोण लावणार?”

“रविवारी मी गाऊन घालीन.”

आईनं १४ वर्षांत जावयासमोर गाऊन घातलेला नाही. न्हाणीघरातून खोलीत जातानाही ती कानोसा घेते. त्या रविवारी मी वरच्या खोलीत उगाच लोळत पडले होते, कान खाली. साडेआठला काठीचा आवाज झाला. नवरा हॉलमध्ये चहा पीत बसला होता. मी जिन्यातून वाकून पाहिलं. निळ्या फुलांचा गाऊन, त्यावर खांद्यावरून नीट पदरासारखी घेतलेली माझी ओढणी. आई सोफ्याशी पोचली, टेकली, श्वास घेतला.

“आज कामवालीला रजा दिलीय,” ती जावयाला म्हणाली.