हार्वेस्टर पाहावा घेऊन

सिलिंग कायद्यात कोरडवाहू जमिनीची मर्यादा 54 एकर, त्यामुळे दोनशे एकरांचा शेतकरी विदर्भात कागदावर सापडत नाही. सातबाऱ्यावर आजी, मेहुणा, नातू. बांधावर एकटे दादासाहेब. अनुदानाचा अर्जही मेहुण्याच्याच नावाने, तो अल्पभूधारक ना!

हार्वेस्टर घ्यायचा ठरला की पहिला प्रश्न रंगाचा, दुसरा एसी केबिनचा. त्या केबिनमध्ये बसणार पंजाबातून आलेला ड्रायव्हर, तोही दार उघडं ठेवून.

सोयाबीनच्या खालच्या शेंगा जमिनीपासून चार बोटांवर. कटर बार तितका खाली उतरतो का, हे विचारायला कोणाला सवड नसते. गव्हाच्या वेगाने ड्रम फिरवला की सोयाबीनची डाळ शेतातच पडते. त्यातलं बियाणं ठेवलं तर उगवणीच्या नावाने बोंब. हरभरा बुटका, तुरीचं खोड दांडगं. पीक बदललं की जाळी बदला, वेग बदला, वारा बदला. पण जाळ्या शोरूममध्ये चमकत नाहीत. चमकतात ते हेडलाइट. दादासाहेबांनी ते तीनदा लावून पाहिले.

बेल्ट तुटला तर? विक्रेता म्हणाला, ‘‘दोन दिवसांत येतो, साहेब.’’ ऑक्टोबरात दोन दिवसांत पाऊसही येतो.