हर्रासातली सुरी : कुळशोधाचे सहा नियम

मारेगावात हर्रास म्हटला की डोळ्यांपुढे कापूस येतो, नाही तर रेतीघाट. त्यामुळे एका जुन्या वाड्यातल्या सामानाच्या हर्रासात साडेआठशेची बोली लावून मी नक्षीदार सुरी घरी आणली, तेव्हा घरच्यांचा प्रश्न रास्तच होता : “याच्यानं पऱ्हाटी तोडता येते काय?” नाही येत. पातं सात इंची, वाकडं, दुधारी. मूठ पितळी, तिच्यावर एक पक्षी. तो मोर की पोपट, यावर जाणकारांत मतभेद. असा प्रसंग कुणावरही येऊ शकतो. म्हणून हे मार्गदर्शन.

नियम १ : घासू नका. सुरी आधी आईच्या, चिंचेच्या आणि राखेच्या तावडीतून सोडवा. जुन्या पोलादावर पाण्याच्या लहरींसारखी नक्षी, म्हणजे जौहर, असू शकतो. घासलात की तो गेलाच. काळ्या मुठीत चांदीची वेल दिसली तर ती बिदरी. तिचा काळेपणा हा मळ नव्हे. बिदरच्या किल्ल्यातली माती वापरून तो मुद्दाम आणलेला असतो. हे आईला पटवून देणं हा या शास्त्रातला सर्वांत कठीण भाग.

नियम २ : शिवकाल शेवटी. सुरी पानटपरीवर दाखवताच निकाल लागतो : “हे त महाराजाच्या टायमाची हाय, भाऊ!” पुरावा? जुनी दिसते. २०२४ च्या जुलैत लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमकडून वाघनखं साताऱ्यात आली. अफझलखानाच्या वेळची ती हीच, हे सिद्ध करता येत नाही, असं खुद्द त्या म्युझियमचं म्हणणं. बिचाऱ्यांकडे पानटपरी नसावी.

नियम ३ : आकाराला विचारा. दोन उभ्या दांड्यांमध्ये आडवी मूठ असेल तर कट्यार. पुढं जड आणि आत वाकलेलं पातं असेल तर कुकरी, म्हणजे नेपाळकडे बघा. वाकडं, दुधारी, मधोमध उंच शीर असेल तर जंबिया; तिचं माहेर येमेन. येमेनची सुरी वऱ्हाडात कशी, म्हणून हसू नका. वऱ्हाड निजामाचं होतं आणि हैदराबादच्या फौजेत अरब होते. नागपूरकर भोसल्यांकडेही होते. १८१७ च्या डिसेंबरात त्या अरबांनी नागपूर शहर इंग्रजांविरुद्ध काही दिवस लढवलं. हे वाचल्यावर मी आठ दिवस गावभर ‘आमचा जंबिया’ म्हणत फिरलो.

नियम ४ : पातं आणि मूठ यांची जबानी वेगवेगळी घ्या. दोघांचं गाव एकच असेल असं नाही. एप्रिल २०२५ मध्ये महाराष्ट्र सरकारनं लंडनच्या लिलावात नागपूरकर रघुजी भोसल्यांची तलवार सुमारे ४७ लाखांत मिळवली. पात्यावर सोन्याच्या देवनागरी अक्षरांत रघुजींचं नाव, ‘सेनासाहेबसुभा’ ही पदवी आणि पुढं ‘फिरंग’. फिरंग म्हणजे युरोपी पात्याची तलवार. प्रवास उलटाही व्हायचा. पैनगंगेपलीकडे, आजच्या तेलंगणातल्या कोनासमुद्रमचं पोलाद न्यायला थेट इराणचे व्यापारी येत. तेव्हा ‘ही सुरी कुठली?’ हा प्रश्न एकवचनात विचारू नये.

नियम ५ : फुशारकीआधी फूटपट्टी. पातं नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद भरलं तर शस्त्रकायदा आठवा. वस्तू शंभर वर्षांची असेल तर १९७२ च्या कायद्यानं ती पुरावस्तू ठरते. मग अमेरिकेतल्या पुतण्याला परस्पर भेट पाठवता येत नाही.

नियम ६ : भिंग सगळ्यांत शेवटी घ्या. आधी घेतलं तर वरचे पाच नियम पाळण्याचा आनंद बुडतो. नवव्या दिवशी मी पात्याच्या बुडाशी भिंग धरलं. गंजाखाली पाच रोमन अक्षरं होती : ‘इंडिया’. अमेरिकेच्या १८९० च्या जकात कायद्यानं बाहेरून येणाऱ्या मालावर मूळ देशाचं नाव सक्तीचं केलं आणि निर्यातीच्या वस्तूंवर असे छाप उमटू लागले. घरातच राहणाऱ्या सुरीला देशाचं नाव सांगायची गरज काय? म्हणजे माझा जंबिया साहेबाच्या भिंतीवर टांगायला घडवलेला, आणि कुणास ठाऊक कसा, वणीच्या वाटेवर मारेगावातच उतरलेला.

रघुजींच्या तलवारीचं पातं विलायती आणि अक्षरं मराठी. माझ्या सुरीचं पातं देशी आणि अक्षरं इंग्रजी. तिची किंमत ४७ लाख, हिची साडेआठशे. मुठीवरचा पक्षी मोर की पोपट, हा वादही त्याच क्षणी मिटला.